कूलर बंद ठेवावा

सगळ्यात आधी गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. मी एकदा एका खोलीतली हवा तपासायला गेले आणि तपासण्याआधी त्या खोलीतली हवा बंद केली.

पंखा बंद. कूलर बंद. खिडक्या लावलेल्या. माणसं बाहेर. आणि दारावर माझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'प्लेट ठेवल्या आहेत. कूलर बंद ठेवावा. आत येऊ नये.' खाली सही, सहीखाली हुद्दा, हुद्द्याखाली एक ठसठशीत रेघ. ती रेघ कशासाठी होती ते आज मलाही सांगता येणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा लॅब टेक्निशियन होते. आज माझी नात मला मोबाईलमधलं शिकवते. तेव्हा तिची आई पाचवीत होती. मी नुकतीच नागपूरला दहा दिवसांचं ट्रेनिंग करून आलेली. दहाच दिवस, पण चालण्यात असा फरक पडला होता की आमचे हे म्हणाले, "बाई, उंबरठा जरा खाली पाहून ओलांडत जा." डोक्यात हवा गेली होती, दुसरं काय. आणि खोलीतली हवा कशी तपासायची ते नागपूरच्या कागदावर लिहून आणलं होतं.

बाहेरच्या माणसाला हे काम कळावं म्हणून सांगते. काचेची झाकणवाली बशी असते, तिला आम्ही प्लेट म्हणतो. तिच्यात खरवसासारखी एक खळ थापलेली असते, बुरशीसाठी असेल तर साखर घातलेली. खोलीत ती झाकण काढून अर्धा तास ठेवायची. हवेतून जे पडेल ते पडेल. मग झाकण लावून चार-पाच दिवस फडताळात ठेवून द्यायची. डोळ्याला न दिसणारं जे पडलं असेल, ते तेवढ्यात वाढून ठिपका होतं. ठिपके मोजायचे. ठिपके नाहीत म्हणजे हवा स्वच्छ. सोपं काम आहे. मी ते अवघड करून दाखवलं.

आमच्याकडे मोतीबिंदूचं शिबिर व्हायचं होतं. चंद्रपूरहून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडम येणार, चौदा पेशंट. ऑपरेशनच्या खोलीत एसी होता. तिच्याबाहेर तयारीची खोली, तिथे पेशंटना हिरवा झगा घालून बसवायचं आणि डोळ्यात थेंब टाकायचे. दोन्हींच्या मध्ये ढकलून उघडायचं, आपोआप मिटणारं दार. तयारीच्या खोलीच्या खिडकीत लोखंडी कूलर, तीन बाजूंनी गवताच्या ताट्या. आमच्याकडचा कूलर तुम्हाला माहीत असेलच. मागच्या पावसाळ्यात बंद केला तो तसाच, ताट्या ओल्या असताना. आत ओल राहिली, मग हळूहळू वाळली. नऊ महिने त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

शनिवारी मी दोन्ही खोल्यांत प्लेट ठेवल्या. आमचे अटेंडंट रहीमभाई कूलर पुसायला आले होते. त्यांनी विचारलं, बाई, एकदा चालवून पाहू का? मी नाही म्हणाले. वाऱ्याने माझ्या प्लेट वाळतील. नागपूरच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं: प्लेट पंख्याखाली ठेवू नये. कागदाने ठेवायची जागा सांगितली होती, मी त्यावरून सबंध खोलीला झोपवलं. बुधवारी प्लेट काढल्या. दोन प्लेटवर एकेक पांढरा ठिपका, तोही साध्या जंतूंचा, बाकी आरशासारख्या. मी रिपोर्ट लिहिला: हवा समाधानकारक, बुरशी आढळली नाही. सही, हुद्दा, रेघ.

आता बुरशी हवेत जाते कशी, हे इथेच सांगावं लागेल, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला नीट कळणार नाही. मलाही तो तोवर कळला नव्हता.

भाकरीवर, लोणच्यावर, गवतावर बुरशी येते तेव्हा तिचं खरं अंग आत धाग्यांसारखं पसरलेलं असतं. पोट भरलं, ओल कमी व्हायला लागली, की त्या धाग्यांतून बारीक देठ वर उभे राहतात. प्रत्येक देठाच्या टोकाला एक गोंडा, आणि गोंड्यातून मण्यांच्या माळा. तो एकेक मणी म्हणजे बीज. केसाच्या जाडीत आडवे ठेवले तर वीसेक मावतील एवढं. त्याला पंख नाहीत, पाय नाहीत, कुठे जायची घाई नाही. बहुतेक जातींचं ते स्वतःहून उडतच नाही. पृष्ठभागाला लागून हवेचा एक थर असतो, चिकटून बसल्यासारखा, तो फारसा हलत नाही. देठाचं काम एवढंच की माळेला त्या थराच्या वर धरून ठेवायचं. मग वाट पाहायची. वारा सुटला, कुणी धक्का मारला, कुणी झाडू घातला की माळ तुटते. ओली असते तोवर चिकटून राहते; वाळली की नुसत्या झुळकीने सुटते. आणि एकदा वर गेली की इतकी हलकी, की टेबलाच्या उंचीवरून जमिनीवर यायला पाऊण तास, तासभर लागतो. तेवढ्यात कुणी दार उघडलं की चालली पलीकडच्या खोलीत.

म्हणजे मी शनिवारी ज्या खोलीत गेले होते, तिथे लाखो माळा देठावर उभ्या होत्या आणि शांत होत्या. मी त्यांना शांतच राहू दिलं, आणि पास केलं.

गुरुवारी सकाळी आठला काम सुरू झालं. पहिली दोन ऑपरेशनं नऊच्या आत झाली, मग अवजारं पुन्हा उकळायला गेली. मार्च संपायचा होता, पण नऊ वाजून गेले तशी पत्र्यावरून आग यायला लागली. झगे घालून बसलेले म्हातारे घामाने थबथबले. कुणीतरी म्हणालं, कूलर तरी लावा. पाण्याचा पंप अडकलेला होता, म्हणून रहीमभाईंनी पाण्याशिवाय नुसता पंखा लावला.

मी दहाच्या सुमाराला साखर तपासायला गेले. तिसरा नंबर सोमीबाईचा होता. वैनगंगेपलीकडच्या, आष्टीच्याही आतल्या रानातल्या गावची म्हातारी. साठीची असेल, वय तिलाही माहीत नव्हतं. तिच्या उजव्या बुबुळावर पांढरं फूल पडलेलं. कधीचं, म्हणून विचारलं. म्हणाली, मळणीत धान चुरताना कुसळ गेलं, मग महिनाभर डोळा सडला. धानाच्या कुसळाबरोबर डोळ्यात काय जातं ते मला माहीत होतं. बुरशीच जाते. तो डोळा बुरशीने खाल्लेला होता. राहिला डावा, त्याच्यावर मोतीबिंदू.

मी बोटाला सुई टोचली तर तिला त्याचं काही नव्हतं. तिची चिंता वेगळी.

"बाई, मोह पडून राह्यला वं. मी इथी बसून राह्यली. कव्हा सोडता?"

मोहफुलं वेचायचे हेच दिवस. पहाटे झाडाखाली पडलेली फुलं दोन-तीन तासांत वेचली नाहीत तर जनावरं खातात. दोन वर्षांपासून तिला फूल आणि वाळलेलं पान यांतला फरक दिसत नव्हता. सून पुढे वेचायची आणि ही मागून हाताने चाचपत चालायची. त्याचीच तिला लाज वाटत होती. एका डोऱ्याचं काम आहे, म्हणाली. आमच्या झाडीकडे डोळ्याला डोरा म्हणतात.

यंत्रावर आकडा बरोबर आला. मी दाराकडे तोंड करून सिस्टरला सांगितलं, सोमीबाईची साखर ठीक आहे.

तेवढ्यात कूलर घरघरत थांबला. रहीमभाई उठले आणि त्याच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या. कूलर पुन्हा सुरू झाला. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "बाई, याले दोन लावल्याशिवाय समजतच नाई. सकाळपासून चौथ्यांदा."

वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप खोलीत आलेली होती. थाप पडली तेव्हा त्या तिरिपेत धूर दिसला. अगदी पातळ, हिरवट करडा. कूलरच्या तोंडातून निघाला, तिरीप ओलांडून गेला आणि दिसेनासा झाला. मग वास आला, बंद पेटीतल्या रजईचा. ऑपरेशनच्या खोलीचं दार त्याच वेळी उघडून मिटलं. सिस्टर कशाला तरी बाहेर आली होती.

मी कूलर बंद केला. एवढं शहाणपण दाखवलं. पुढे जे केलं ते सांगायला मला आजही आवडत नाही.

आत जाऊन "थांबा" म्हणायला दहा पावलं होती. पण माझ्या डोक्यात पहिल्यांदा सोमीबाई आली नाही. माझा रिपोर्ट आला. वाटलं, धूळ असेल. नऊ महिन्यांची धूळ असणारच. चंद्रपूरच्या मॅडमसमोर उगाच आरडाओरडा करायचा, आणि निघाली धूळ तर? आधी खात्री करू. म्हणून ताटीतलं चिमूटभर गवत कागदात घेतलं आणि लॅबमध्ये गेले. पारदर्शक चिकटपट्टी गवतावर दाबली, काचेवर लावली, रंगाचा थेंब टाकला, सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

कदंबाची फुलं तुम्ही पाहिली असतील. तशीच दिसतात ती, देठावर गोल गोंडा आणि सगळीकडून फुटलेल्या माळा. मला एक फूल शोधावं लागलं नाही, काचेवर बाग होती. निम्मे गोंडे बोडके झाले होते. माळा गेल्या होत्या.

परत धावत आले. जायला, पाहायला, यायला मिळून दहा मिनिटं. सोमीबाईची खुर्ची रिकामी होती.

मी दाराच्या काचेवर टकटक केली. मॅडमचे डोळे ऑपरेशनच्या दुर्बिणीला लागलेले. मान न वळवता त्या म्हणाल्या, आत्ता नाही. मी दार बोटभर उघडलं आणि सांगितलं, कूलरमध्ये बुरशी आहे, तासभर हवेत उडते आहे. त्यांचे हात थांबले नाहीत. डोळा उघडलेला होता, जुनं भिंग निघालेलं, नवं बसायचं होतं. तिथे कुणालाही थांबता येत नाही.

"दार लावा," त्या म्हणाल्या. "आणि बाहेर कुणी हलू नका."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. अकरा पेशंट, रहीमभाई, सिस्टर, सगळे जागच्या जागी. कुणीतरी खोकलासुद्धा दाबून धरला. शनिवारी मला हवी होती तशी शांतता त्या खोलीत गुरुवारी झाली. घामाचा थेंब माझ्या नाकाच्या शेंड्यावर आला आणि मी तो पुसला नाही.

बाहेर आल्यावर मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उरलेल्या अकरा जणांचं शिबिर त्यांनी तिथेच थांबवलं. माझा रिपोर्ट मागवला, वाचला आणि विचारलं की हा घेतला तेव्हा कूलर चालू होता का. मी सांगितलं, बंद करायला लावला होता.

"का?"

"प्लेट वाळू नयेत म्हणून."

त्यांनी कागदाची घडी घातली. "प्लेट वाचवल्या तुम्ही," एवढंच म्हणाल्या.

पहिल्या दोघांची ऑपरेशनं कूलर सुरू व्हायच्या आधी झाली होती. त्यांना काही भीती नव्हती. भीती एकटीच्या डोळ्याची, आणि तिला तेवढाच डोळा होता. मॅडमनी मला समजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. डोळ्याच्या बाहेरच्या अंगाला आपली राखण असते, पाणी येतं, पापणी झाडते. आतल्या पोकळीत तसं काही नाही. तिथे एक बीज शिरलं आणि रुजलं तर डोळा जातो. आणि ते घाई करत नाही. जंतू असतील तर दोन-चार दिवसांत कळतं. बुरशी तीन-तीन आठवडे गप्प बसते. वर आणखी एक पेच: ऑपरेशननंतर सूज उतरवायला जे थेंब टाकतात, ते बुरशीला खतपाणी. ते टाकायचे तर ही भीती, न टाकायचे तर सुजेने डोळा खराब व्हायची भीती. मॅडमनी थेंब निम्मे केले आणि सोमीबाईला तीन आठवडे वॉर्डात ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा प्लेट ठेवल्या. या वेळी खोलीला जागं केलं. कूलर लावला. रहीमभाईंना सांगितलं, कालच्यासारख्या चारदा थापा मारा. ते बिचारे हात उचलेनात. मीच त्यांचा हात धरून पत्र्यावर नेला. सिस्टरला दारातून आत-बाहेर करायला लावलं. चौथ्या दिवशी प्लेट काढल्या. तयारीच्या खोलीतली हिरवी मखमल झाली होती, मोजायला जागा नव्हती. दाराजवळच्या प्लेटवर अकरा. ऑपरेशनच्या टेबलापाशी ठेवलेल्या प्लेटवर दोन.

"दोन म्हणजे किती, मॅडम?" मी फोनवर विचारलं.

"एकही पुरतो," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी मी सोमीबाईच्या खाटेशी गेले. तिने आधीच रहीमभाईंना दोनदा विचारलं होतं की बाकीचे दोघं गेले, मले काऊन ठेवलं? रहीमभाई माझ्याकडे बोट दाखवून पळाले होते. मी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. इंग्रजी शब्द वापरायची सोय नव्हती, ते एका परीने बरं झालं. कूलरच्या गवतात बुरशी झोपलेली होती, मी झोपलेलीचीच परीक्षा घेतली, आणि पास केली. तुझी पाळी आली तेव्हा ती जागी झाली होती. हे मला तू आत जायच्या आधी कळलं होतं आणि मी दहा मिनिटं खात्री करत बसले. तेही सांगितलं.

तिच्या डोळ्यावर पट्टी, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळेना. मग तिने विचारलं, बुरशी म्हणजे मोहाच्या टोपलीले येते थेच ना? मी हो म्हटलं.

"मांगल्या सालच्या मोहाची टोपली आमी घरात झटकत नाई. आंगनात नेतो, वाऱ्याकडं पाठ करतो, मंग झटकतो. लहान पोरीले बी समजते थे. एवढं शिकाले नागपूरले जा लागते का वं?"

शेजारच्या खाटेवरची बाई पदर तोंडावर घेऊन हसली. मीही हसले असते, पण सोमीबाईने माझं मनगट धरलेलं होतं आणि ती ते सोडत नव्हती.

लॅबवाल्या बाईला लोकांचं भय वाटत नाही. आयुष्यभर मी लोकांना नको असलेल्या गोष्टी काचेवर पाहत आले. एकाने थुंकी हळदीच्या डबीत आणली, हळदीसकट. एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन रीतसर रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर कुत्र्याचं नाव, वय, गाव सांगून म्हणाले, लिहा. अशांना मी दिवसभर हसवून वाटेला लावत असे. पण त्या तीन आठवड्यांत सोमीबाईच्या वॉर्डाचं दार ढकलायच्या आधी मी रोज व्हरांड्यात एक जादा फेरी मारायची. पट्टी सुटली की टॉर्चने बुबुळ पाहायचं, आत पांढरं काही जमलंय का, कापसाच्या बोंडासारखं. रोज नसायचं. आज नाही याचा अर्थ उद्या नाही असा होत नव्हता.

नवव्या दिवशी डोळा लाल दिसला. पाणी येत होतं. आतल्या कोपऱ्यात पांढरट तार होती. सोमीबाई म्हणाली, खुपते. मी फोनकडे गेले. मॅडम दीड तासात आल्या. त्यांनी पाहिलं, आत स्वच्छ वाटतंय म्हणाल्या, पण ती पांढरी तार काडीवर घेऊन माझ्या हातात दिली. पाहून सांगा. दुसरं कुणी पाहणारं नव्हतं.

काचेवर ती घेतली, औषधाचा थेंब टाकला, झाकली, थांबले. मग डोळा लावला. आधी नुसता चिकटा दिसला, फुटलेल्या पेशी. काच सरकवत गेले. आणि एका कडेला धागा.

सोमीबाईच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं तेव्हा कुणी असं पाहिलं असतं तर असाच धागा दिसला असता. मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, दिसलं काही? मी म्हटलं, थांबा.

बुरशीचा धागा नळीसारखा असतो, सारख्या जाडीचा, मध्येमध्ये आडवे पडदे, बांबूच्या पेरांसारखे. फांद्या फुटतात. हा धागा चपटा होता. रिबिनीसारखा, आणि मध्येच पीळ खाल्लेला. मी त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, पेर शोधत. परत आले. पुन्हा गेले. पेर नव्हतं. कापूस होता. लुगड्याचा सुती धागा.

दहा दिवसांपूर्वीची मी असते तर मान वर करून ठणकावून सांगितलं असतं, बुरशी नाही. मी सांगितलं, हा कापसाचा धागा आहे, या काचेवर बुरशी दिसली नाही, उरलेला चिकटा प्लेटवर लावते आहे आणि पाच दिवस थांबू या. मॅडमनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग मी सोमीबाईला विचारायला गेले. खोदून खोदून विचारल्यावर तिने कबूल केलं. पट्टी वर करून पदराने डोळा चोळला होता. काऊन? खाजत होता म्हणून. किती वेळा? तिने उत्तर द्यायचं टाळून माझ्या लेकीची शाळा विचारली.

ते पाच दिवस गेले, प्लेट कोरी राहिली. मधल्या काळात जयंती आली. गावात निळ्या पताका, मिरवणूक, आमच्या वस्तीत खिरीची पातेली. दर वर्षी मी मिरवणुकीत पुढे असायची, त्या वर्षी बायकांनी मला भाषणालाही उभं करायचं ठरवलं होतं. विषय होता विज्ञान आणि स्त्री. मी तब्येतीचं कारण सांगून नाही म्हटलं, आणि वाटीभर खीर घेऊन वॉर्डात गेले. सोमीबाईने खीर खाल्ली, टॉर्च मारू दिला, आणि म्हणाली की मोह आता संपत आला असेल. तो तर माझ्यामुळेच बुडाला होता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कित्येक खोल्यांची हवा तपासली. दर वेळी आधी पंखा लावायला सांगायची, दार हलवायला लावायची, कपाटावर मूठ मारायची. नवे डॉक्टर बुचकळ्यात पडायचे. रहीमभाई त्यांना सांगायचे, बाईले पयले खोलीले उठवा लागते. तयारीच्या खोलीतला तो कूलर मात्र त्याच आठवड्यात खिडकीतून निघाला. रहीमभाईंनी तो वाऱ्याकडे पाठ करून मागच्या मैदानात ओढत नेला. त्यांना हे कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. राहिलेली अकरा ऑपरेशनं पुढच्या महिन्यात झाली.

तीन आठवडे पुरे झाले त्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी सोमीबाईचा डोळा यंत्रावर बराच वेळ पाहिला. मागे सरकून म्हणाल्या, काचेसारखा आहे, घरी जाऊ द्या. आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

माझा विश्वास बसेना. मी सोमीबाईला खिडकीपाशी नेऊन बसवलं, शेजारच्या बायांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, आणि वरचा पंखा बंद केला. का बंद केला ते विचारू नका, सवय. मग तिच्यासमोर तीन बोटं धरली, ताठ, श्वास रोखून.

तिने आधी बोटांकडे पाहिलं. मग थांबलेल्या पंख्याकडे. मग माझ्या तोंडाकडे.

"तीन," ती म्हणाली. "आता हालव त्यायले. झोपल्याची परीक्षा एक डाव घेऊन झाली ना तुयी."